पायांची सवय

गिरगांवांतील चाळ सोडून आम्ही दादरला रहावयास आलों, त्यास सहा महिने लोटले होते. एके संध्याकाळीं नेहमींप्रमाणें चर्चगेटला गाडींत बसलों. आणि भानावर आलों तों चर्नी रोडला उतरून जुन्या चाळीच्या जिन्याशीं उभा! पायांनीं मला विचारलेंच नव्हतें.

हकीकत ऐकून घरांतलीं सारीं हंसलीं. आई मात्र हंसली नाहीं. ती शांतपणें म्हणाली, "पायांचें काय घेऊन बसलास? माझ्याशींहि तूं असाच बोलतोस. सकाळीं गुडघा दुखतो म्हणून सांगितलें, तर 'बरं, बरं' म्हणून निघून गेलास." मला त्यांतलें अक्षरहि आठवेना. माझी संध्याहि तशीच. केशवादि चोवीस नांवें जिभेवरून घरंगळत, आणि मन कचेरींत!

मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यानें १८९० सालच्या आपल्या ग्रंथांत म्हटलें आहे कीं, नित्याचीं कामें सवयीच्या हवालीं केलीं म्हणजे बुद्धि वरच्या कामास मोकळी होते. खरें आहे. पण वरचें काम कोणतें, हें तरी आपण ठरवितों काय? स्टेशनची वाट पायांनीं खुशाल ओळखावी. आईचा शब्द यंत्राच्या हवालीं करूं नये. माणसाचें 'मीपण' असल्या जागेपणांतच वसतें.

तेव्हांपासून एक नेम केला आहे. घरीं आल्यावर आईजवळ बसावयाचें आणि तिचें बोलणें संपेपर्यंत 'बरं' म्हणावयाचें नाहीं. पहिल्या दिवशीं ती मध्येंच थबकली, माझ्याकडे पाहिलें, आणि मग कितीतरी वेळ बोलत राहिली. या नेमाचीहि एक दिवस सवय होईल, एवढीच धास्ती वाटते.