धूळवाफ

आमच्या येळ्ळूरची बस वडगाव, शहापूर मागं टाकून बेळगावात शिरते. तिथून कॅम्पात गेलं की रस्ते एकदम रुंद आणि सावलीचे होतात. जुन्या झाडांआड सेंट मेरीचं दगडी चर्च उभं आहे. इंग्रजी अमदानीतलं, अँग्लिकन उपासनेचं, 1869 सालचं. त्याच कॅम्पात फातिमा मातेचं कॅथेड्रल आहे. 1953 मध्ये बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत झाला, त्याचं हे मुख्य मंदिर. शहरात मेथडिस्टही आहेत. 1820 मध्ये जोसेफ टेलर इथं आले आणि लंडन मिशनचं काम सुरू झालं, ते 1904 मध्ये मेथडिस्टांच्या हाती गेलं. तिन्हीकडं येशू एकच, क्रूस एकच. रविवारी सकाळी माणसं मात्र वेगवेगळ्या दारांतून आत जातात.

मी वारकरी घरातला. त्या दारांतून आत जायची वेळ माझ्यावर मित्रांच्या घरच्या लग्नाला किंवा मातीला जातानाच आली. तरी त्या वेगळेपणाच्या मुळाशी असलेला प्रश्न मला कधी परका वाटला नाही. माणूस तरतो कशानं? देवावर भार टाकून, की हातून घडलेल्या सत्कर्मांनी?

हा प्रश्न ख्रिस्ती मठवासी मार्टिन लूथरला आधी जिवाच्या आकांतानं पडला, वाद नंतर झाला. मठात उपास, जागरणं, पापकबुली, सगळं करूनही त्याचं मन निवेना. एवढं केलं, ते पुरेसं झालं का, हे सांगणारं कुणी नव्हतं. पौलाचं रोमकरांस पत्र वाचता वाचता त्याला उमगलं, की देव माणसाला नीतिमान ठरवतो तो त्याच्या विश्वासावरून. ते दान आहे, मजुरी नव्हे. 1517 मध्ये पापदंडाच्या माफीपत्रांविरुद्ध तो उभा राहिला आणि युरोप कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट असा दुभंगला. बायबलमध्येच याकोबाचंही पत्र आहे. उघड्या-उपाशी भावाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणारा विश्वास मेलेला, असं ते बजावतं. लूथरला त्या पत्राची थोरवी फारशी पटली नाही. कॅथलिकांनी ते छातीशी धरलं.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, एक बाजू नुसत्या श्रद्धेची आणि दुसरी नुसत्या कर्माची. तसं नाही. कॅथलिकांच्या ट्रेंट धर्मपरिषदेनं 1547 मध्ये लूथरच्या मताचा निषेध केला खरा, पण त्या निषेधांतला पहिलाच निषेध, देवाच्या कृपेवाचून केवळ आपल्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असं म्हणणाऱ्याचा आहे. उलट लूथरनंही लिहून ठेवलं, की खरा विश्वास स्वस्थ बसूच शकत नाही. सत्कर्मं करू का, असं विचारायच्या आतच तो ती करून मोकळा होतो. कृपा आधी, यावर दोघांचं एकमत. फरक पुढचा. प्रॉटेस्टंट म्हणतात, देव पाप्याला पदरात घेतो, तेव्हाच तारणाचा निकाल लागतो. सत्कर्मं ही त्याची फळं. कॅथलिक म्हणतात, कृपा माणसाला आतून घडवत जाते. प्रेमानं काम करणारा विश्वासच पुरा विश्वास, आणि त्या कामांनी माणूस कृपेत वाढतो. एकाला भीती, की माणूस देवाशी सौदा करील. दुसऱ्याला भीती, की माणूस विश्वासाच्या नावाखाली हात झाडून बसेल. दोन्ही भीती खऱ्या आहेत.

या भांडणाची एक झुळूक आपल्या भाषेलाही लागली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज, पण कॅथलिक. इंग्लंड प्रॉटेस्टंट झालेलं. तो रोमला जाऊन जेझुइट झाला आणि 1579 मध्ये गोव्यात आला. मायदेशात ज्या श्रद्धेला थारा नव्हता, ती त्यानं इथल्या ओवीत बांधली. 1616 मध्ये त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. दूरच्या वादातून आपल्या पदरात एवढं मोठं काव्य पडलं!

हिशेबाचा मोह तर आपल्या घरचाच. आमच्या भागातल्या कुठल्याही देवळात जा. भिंतीवर, पायरीवर संगमरवरी फरश्या बसवलेल्या असतात. अमुक यांच्या स्मरणार्थ, रुपये इतके. त्या पैशातूनच देवळं उभी राहतात, त्या देणाऱ्यांना नावं ठेवण्याचं माझ्या मनात नाही. पण त्या कोरीव अक्षरांवरून हात फिरवताना वाटतं, हे देवाला दिलं, की देवाकडं जमा करून ठेवलं?

पंडिता रमाबाईंचं आयुष्य या प्रश्नाच्या ऐरणीवरच घडलं. जन्म 1858 चा, गंगामूळच्या रानातला, म्हणजे आजच्या कर्नाटकातलाच. वडील अनंतशास्त्री डोंगरे सारं कुटुंब घेऊन वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत हिंडले. पुराणं सांगितली, व्रतं केली, नद्यांत स्नानं केली, होतं नव्हतं ते दान केलं. आणि 1870 नंतरच्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण, तिघंही उपासमारीनं गेली. पुण्याची एवढी पुंजी, तरी ओंजळीत दाणा नाही! त्या पोरक्या मुलीला पुढं तारणाचा प्रश्न नुसता पोथीतला कसा वाटावा?

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथं फुलहॅमला, वाट चुकलेल्या बायकांना धर्मभगिनी मायेनं जवळ करतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. हे तुम्ही कशासाठी करता, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना शोमरोनी बाईला विहिरीवर भेटलेल्या ख्रिस्ताची गोष्ट ऐकायला मिळाली. म्हणजे आधी काम दिसलं, त्यातून विश्वासाची वाट फुटली. त्याच वर्षी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

परत आल्यावर 1889 मध्ये त्यांनी शारदा सदन काढलं. विधवांना आसरा, शिक्षण. याहून मोठं सत्कर्म कोणतं? तरीही बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी त्यांना जाणवलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलेला नाही. विल्यम हॅस्लम नावाच्या धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र तेव्हा त्यांच्या हाती आलं होतं. हा माणूस आपलंच प्रवचन देता देता भर चर्चमध्ये पालटला होता. रमाबाईंनी मग आपला सगळा भार ख्रिस्तावर टाकला. हा अगदी लूथरच्या वाटेचा अनुभव. आणि त्यानंतर काय झालं? त्या डोळे मिटून बसल्या नाहीत. 1896 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेनं वाळलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. विहिरी खणल्या, माग लागले, छापखाना आला. आधी कामानं विश्वासाकडं नेलं होतं, आता विश्वासानं कामाकडं नेलं. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे त्यांच्या आयुष्यात वेगळं काढून दाखवता येत नाही.

मला हे समजलं ते आमच्या शिवारात. येळ्ळूरची जमीन काळी, भाताची. इथला बासमती नावाजलेला. मे सरत आला की नांगरलेल्या कोरड्या रानात कुळव फिरतो, ढेकळं फुटतात, आणि कुरीमागून धुरळा उठत असताना भात पेरलं जातं. ही धूळवाफ पेरणी. थेंब पडलेला नसतो. लहानपणी मी आबांना विचारलं होतं, "आबा, पाऊस नसताना कशाला पेरायचं?" ते म्हणाले, "पाऊस येणार म्हणून तर पेरायचं बाळा. एकदा लागला की वाफसा कुठला मिळतोय?" पाऊस कुणी मेहनतीनं आणत नाही, तो वरूनच यावा लागतो. पण त्याच्यावर विश्वास आहे हे आबांच्या बोलण्यावरून कळायची गरज नव्हती. धुळीत टाकलेलं बी ते सांगत होतं. पेरणी म्हणजे पावसाची किंमत नव्हे, पावसावरच्या भरवशाचंच ते रूप.

31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबर्गला कॅथलिक आणि लूथरपंथीय एका कागदावर सह्या करून म्हणाले, की आपण केवळ कृपेनं, ख्रिस्तावरच्या विश्वासानं स्वीकारले जातो, आणि सत्कर्मांसाठी पाठवले जातो. निषेधाचे ते जुने शाप आता एकमेकांच्या या शिकवणीला लागू नाहीत. 2006 मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदही त्यात सामील झाली. सगळे मतभेद मिटलेले नाहीत, प्रभुभोजनाचं मेज अजून वेगळंच आहे. पण जिथं शाप होता तिथं आता चर्चा आहे, हे थोडं नाही.

तारण हा बाजार असता तर माणूस कायम भेदरलेलाच राहिला असता, आणि भेदरलेला माणूस देतानाही मोजतो: कुणाला दिलं, किती दिलं, तो लायक होता का. आपण आधीच पदरात घेतले गेलो आहोत, हे ज्याला उमजलं त्याला मोजायचं कारण उरत नाही. एवढं मी प्रॉटेस्टंटांकडून घेतो. आणि उमजलेलं हातापर्यंत पोचलं नाही तर ते उमजलेलंच नव्हतं, हे कॅथलिकांकडून. आषाढीला घरातून बाहेर पडताना मला दोन्हींची गरज लागते. रमाबाई दुष्काळाच्या मुलखात गेल्या त्या पुण्य गोळा करायला नाही. तो हिशेब त्यांनी कधीच देवावर सोपवला होता. म्हणून त्यांचे हात मोकळे होते. तसे मोकळे हात मला हवे आहेत, आणि माझ्या विठोबाकडं मी तेच मागतो.