वाक्य मधेच तोडायला शिकव

मिरज, जानेवारी २०२६

चि. मनू,

फोनवरच्या फसवणुकीच्या वर्गांसाठी तू पाठवलेल्या स्लाइड सावकाश पाहिल्या. मेहनत घेतली आहेस हे दिसतं. पण विरंगुळा केंद्रातल्या वर्गात त्या जशाच्या तशा नेऊ नकोस. फिशिंग, व्हिशिंग, स्मिशिंग यांच्या व्याख्या पाठ करून कुणाचे पैसे वाचलेले मी पाहिले नाहीत. आधी बँकेच्या काउंटरवर आणि आता इथल्या ज्येष्ठ नागरिक संघात जे पाहते आहे, त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. आपली वडीलधारी माणसं पेपर वाचतात, बातम्या बघतात, फसवणूक होते हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना जमत नाही ते समोरच्याचं बोलणं तोडणं. चोर जगतो तो त्यांच्या या सभ्यपणावर.

म्हणून पहिल्या दिवशी फोन कट करण्याचा सराव घे. आमच्या संघातल्या वर्गात मी बाहेर व्हरांड्यात जाते, तिथून एकेकाला फोन लावते आणि जरबेच्या हिंदीत सुरू करते, ‘मैं मुंबई क्राइम ब्रांच से बोल रही हूँ, आपके आधार कार्ड पर...’ नियम एकच, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांच्यापुढे अख्खी शाळा चळाचळा कापायची, पलीकडे मी आहे हे माहीत असूनही म्हणाले, ‘एक मिनिट मॅडम, ठेवू का फोन?’ हॉलमध्ये कुणी हसलं नाही, कारण बहुतेकांचं तेच झालं होतं. अधिकाऱ्याचा आवाज ऐकला की अदबीनं उत्तर द्यायचं, हे त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं आहे. ते व्याख्यानानं जात नाही, अंगठ्याला सवय लावावी लागते. शेवटी एका आजींनी ‘माझी भाजी करपतेय’ म्हणत खटकन लाल बटण दाबलं आणि टाळ्या पडल्या. आता आमच्याकडचे आजोबाही तेच वाक्य वापरतात. ज्यांना नुसता फोन कट करणं उद्धटपणाचं वाटतं, त्यांना असं एखादं वाक्य हाताशी लागतं.

शिकलेल्यांना हा सराव नको, असं तुझ्या टिपणात आहे. ते काढ. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाचे उद्योगपती, पद्मभूषण एस. पी. ओसवाल यांना वयाच्या ८२व्या वर्षी अशाच तोतया अधिकाऱ्यांच्या टोळीनं व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली, तीत तोतया सरन्यायाधीश बसवला आणि सात कोटी रुपये काढून घेतले. त्यांनी तक्रार केली आणि त्यातली बरीच रक्कम परत मिळाली, हेही वर्गात आवर्जून सांग. हरयाणातल्या एका वृद्ध जोडप्याचे याच रीतीनं एक कोटीहून जास्त गेले. त्यांनी सरळ सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरात अशा ‘डिजिटल अरेस्ट’च्या तपासाचं काम सीबीआयकडे दिलं. कायद्यात अशी अटकच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला डांबून ठेवत नाहीत आणि पडताळणीसाठी पैसे कुठल्या खात्यात भरायला लावत नाहीत.

अशा फोनमध्ये एक वाक्य हमखास येतं, ‘घरात कुणाला सांगू नका.’ कधी दरडावून, कधी काळजीच्या सुरात. सगळा डाव त्या वाक्यावर उभा असतो, कारण शेजारची बाई नुसती दारात येऊन उभी राहिली तरी तो कोसळतो. आम्ही वर्गात ठरवलं आहे की हे वाक्य कानावर पडलं की तिथल्या तिथे कुणालातरी हाक मारायची. घरात कुणी नसेल तर जिन्यात जाऊन. ज्यांची मुलं परगावी आहेत त्यांच्यासाठी शेजारच्या एकेकाचं नाव ठरवून दिलं आहे.

यूपीआयवर फार बोलू नकोस, करून घे. दोघादोघांच्या जोड्या लाव आणि एकमेकांना एक रुपया पाठवायला सांग. ज्यानं पाठवला त्याला पिन टाकावा लागला, ज्याला मिळाला त्यानं फोनला हातही लावला नाही. हे डोळ्यांनी पाहिलं की ‘काकू, स्कॅन करून पिन टाका, सोफ्याचे पैसे येतील’ म्हणणारा चोर आहे हे त्यांचं त्यांना कळतं. लग्नपत्रिका, वाहतुकीचं चलान किंवा ‘आज रात्री वीज तोडू’ असा निरोप म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फायली मात्र दाखवून दे. फाइलच्या नावाचं शेपूट बघायचं. तिथे एपीके असेल तर ती पत्रिका नव्हे, ते ॲप आहे. एकदा ते फोनमध्ये बसलं आणि त्याला परवानग्या मिळाल्या की मेसेज परस्पर वाचतं, मग ओटीपी कुणी विचारायचीही गरज उरत नाही. पेन्शनरांना नोव्हेंबरच्या आधी पुन्हा एकदा गाठ. हयातीच्या दाखल्याचं निमित्त करून त्याच सुमारास फोन येतात. दाखला बँकेत देता येतो, पोस्टमन घरी येऊन करून देतो, चेहरा दाखवून आपल्या फोनवरूनही होतो. तो मिळवण्यासाठी फोनवर ओटीपी सांगावा लागत नाही.

आता तुझ्या वस्तीतल्या वर्गाबद्दल. याची मला जास्त काळजी आहे. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ असं तू मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं आहेस. ज्येष्ठ नागरिक संघात हे ठीक आहे, वस्तीत चालणार नाही. तिथल्या बाईला लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी, आधारच्या कामासाठी सेवा केंद्रावरच्या मुलाला ओटीपी सांगावाच लागतो. तिला स्वतःला फॉर्म भरता येत नाही. महिन्याच्या पंधराशे रुपयांसाठी ती दिवसाचा रोज बुडवून रांगेत उभी राहते. तिला पाळता येणार नाही असा नियम तू दिलास, तर ती तो मोडेल आणि तुझं बाकीचंही ऐकणं सोडून देईल. तिला दुसरा नियम दे. ज्याच्याकडे आपण उठून गेलो त्याला मेसेज वाचून मग सांगायचं. जो आपल्याला शोधत फोनवर आला, त्याला काहीही सांगायचं नाही. मेसेज वाचणं म्हणजे नुसते आकडे वाचणं नव्हे. त्यात पैशाची रक्कम दिसली की ओटीपी केवायसीचा नाही, एवढं ओळखायला शिकव. ज्यांना वाचता येत नाही त्यांना निदान रुपयाचं चिन्ह ओळखू येऊ दे. मी फळ्यावर मोठं ‘₹’ काढते आणि आलेल्या मेसेजमध्ये ते शोधून दाखवायला लावते.

सप्टेंबर २०२५ मध्ये ही ई-केवायसी सुरू झाली तेव्हा खोट्या वेबसाइटही निघाल्या होत्या. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असतं, ते केंद्रावरच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवायला सांगावं. मुलगा चिडला तर चिडू दे. आणि अंगठा! आधारशी जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे निघतात, हे कित्येक बायकांना माहीतच नसतं. ‘नीट लागला नाही, परत लावा’ असं कुणी म्हणालं की आधी पहिल्याची पावती मागायची. ज्यांना अंगठ्यानं पैसे काढायचेच नाहीत, त्यांचे ठसे आधारच्या ॲपवरून लॉक करून दे. ते काम तू स्वतः बसून कर.

पैसे गेल्यावर काय करायचं हे तू शेवटच्या स्लाइडवर ठेवलं आहेस. ते सुरुवातीला आण. १९३० हा तक्रारीचा नंबर प्रत्येकाकडून पाठ करून घे, फोनमध्ये साठवून घे. तिथे कळवलं की पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते थांबवण्याचा प्रयत्न होतो. चोर मात्र ते एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवत असतो, म्हणून तासाभराची दिरंगाईही महागात पडते. बँकेलाही लगेच कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे ग्राहकानं स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि एक धोक्याची सूचना त्याच वेळी दे. ‘गेलेले पैसे मिळवून देतो, फक्त फी भरा’ म्हणणारे पाठोपाठ येतात. तेही चोरच.

कळवण्यातली दिरंगाई बहुतेक वेळा घरच्यांमुळे होते, हे मी फार जवळून पाहिलं आहे. आमच्याकडच्या एका काकूंनी दोन रात्री कुणाला काही सांगितलं नाही. पैशांपेक्षा मुलगा काय म्हणेल याची धास्ती त्यांना जास्त होती. त्या दोन रात्रींत रक्कम कुठल्या कुठे गेली. ‘तुला कितीदा सांगितलं होतं’ हे वाक्य ज्या घरात तयार असतं, तिथे १९३० चा फोन वेळेवर लागत नाही. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की एक वर्ग मुला-सुनांचा घे. त्यांना एवढंच सांग की आई फसली असं कळलं तर आधी फोन हातात घेऊन १९३० लावा. रागवायचं असेल तर चोरावर रागवा. लोकांना फसवण्यासाठी या टोळ्या माणसं पगारावर ठेवतात. म्यानमार आणि कंबोडियात तर नोकरीच्या आमिषानं नेलेल्या आपल्याच पोरांना कोंडून हे काम करायला लावलं जातं. दिवसभर तेवढंच करणाऱ्यांपुढे सत्तरीची एकटी बाई काही क्षण गोंधळली, यात तिचा काय अपराध?

दादालाही पहिल्या वर्गाला घेऊन जा. त्यानं नवा फोन घेतला आहे आणि कुणाला काही विचारायला त्याला कमीपणा वाटतो. तू मुलगी म्हणून समजावशील ते तो ऐकणार नाही, पण चारचौघांत बसून त्यानं एकदा फोन कट करून पाहिला तर पुढे त्याचा हात कचरणार नाही. माझं नाव सांग आणि पुढच्या रांगेत बसव.

तुझी,
आत्या