चपलेचा अंगठा

मित्रांनो, ‘शेजारी’ या शब्दाचा अर्थ मला शाळेत नाही, जंगलात कळला. आणि तोही एका तुटक्या चपलेमुळे! हसू नका. आधी गोष्ट तर ऐका.

आम्ही वसईचे. पश्चिमेला समुद्र, मधे केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, आणि पूर्वेला डोंगर. त्या डोंगरात तुंगारेश्वरचं जंगल आहे. 2003 साली सरकारने ते अभयारण्य म्हणून जाहीर केलं, सुमारे 85 चौरस किलोमीटरचं. पण माझी गोष्ट त्याच्या आधीची, 1995 सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली. मी तेव्हा नववीत होते.

आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात त्या वेळी एका नाटुकल्याची तालीम चालली होती. प्रभू येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. एक माणूस यरुशलेमहून यरीहोला चाललेला असतो. वाटेत लुटारू त्याला मारून, लुटून, अर्धमेला करून टाकतात. त्या वाटेने एक याजक येतो, त्याला बघतो आणि पलीकडून निघून जातो. मग एक लेवी येतो, तोही तसाच जातो. शेवटी येतो एक शोमरोनी. यहुदी लोक शोमरोन्यांना तुच्छ मानत, त्यांच्याशी संबंध ठेवत नसत. पण तोच थांबतो, जखमा बांधतो आणि त्याला आपल्या जनावरावर बसवून उताराशाळेत नेतो.

नाटकातलं शोमरोन्याचं काम कुणाला मिळालं होतं? अर्थात मला! माझं पाठांतर चांगलं, आवाज खणखणीत. आईच्या जुन्या साडीचा मी फेटासुद्धा बांधून बघितला होता.

सुट्टी लागली आणि तुंगारेश्वरला जायचा बेत ठरला. आम्ही सहा मुली आणि आमच्या ‘लीडर’चा कॉलेजात जाणारा दादा. मैत्रिणींची नावं सांगत नाही, कारण त्या आता मोठमोठ्या बायका झाल्या आहेत, उगाच रागावतील. तर एक लीडर, एक चष्मिष्ट, दोघी जुळ्या, मी आणि सहावी नवी मुलगी.

ही नवी मुलगी नगरकडची. वडिलांची बदली झाली म्हणून जूनमध्येच आमच्या आळीत राहायला आली होती. तीही ख्रिस्ती, पण तिची बोली निराळी. ती “लई” म्हणायची, “तवा” म्हणायची, आणि आम्ही तोंडावर हात ठेवून खुदुखुदु हसायचो. आम्ही आपसात कादोडी बोलायला लागलो की तिला त्यातलं अक्षर कळायचं नाही. मग ती गप्प बसून राहायची. नाटकात तिला कामही कसलं, तर गाढवाचा मुखवटा धरून उभं राहायचं!

निघताना आईने मला बजावलं, “तिला सांभाळून ने गं. नवी आहे ती.”

“हो गं बाई, नेते,” असं म्हणून मी पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकेळ्यांचा पुडा कोंबला.

हायवेवरच्या फाट्यावर उतरलो आणि चालायला लागलो. तिथून महादेवाच्या देवळापर्यंतची वाट तशी सोपी, तास-दीड तासाची. पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते. ओढा वाटेत पुन्हा पुन्हा आडवा येत होता आणि पाणी इतकं नितळ की तळातले गोटे मोजून घ्यावेत. सागाच्या पानांतला हिरवा भाग अळ्यांनी खाऊन टाकला होता आणि मागे नुसती शिरांची जाळी उरली होती. चष्मिष्ट म्हणाली, “अगदी वेदीवरच्या लेससारखी दिसते!” दोन झाडांच्या मधे तळहाताएवढा कोळी आपलं सोनेरी जाळं ताणून बसला होता. जुळ्या किंचाळल्या, आणि दादा म्हणाला, “ओरडू नका, त्याच्या घरात तुम्ही आला आहात.”

नवी मुलगी मात्र सारखी मागे पडत होती. एक तर तिला सगळंच नवीन. हे कसलं झाड, ते कसलं पाखरू, असं बघत बघत ती चालायची. आणि पायात बूट नाहीत, साध्या रबरी चपला.

जुळ्यांशी माझी पैज लागली होती. देवळाजवळच्या ओढ्याच्या डोहात जी आधी पाय बुडवेल, तिला सुकेळ्यांचा अख्खा पुडा! मी झपाझप निघाले. एका वळणावर सहज मागे बघितलं, तर ती खाली वाकलेली दिसली. हातात चपला होती. अंगठा तुटला होता.

मी पाहिलं, मित्रांनो. अगदी स्पष्ट पाहिलं. माझ्या फ्रॉकला सेफ्टी पिनसुद्धा होती. पण जुळ्या पुढे निघाल्या होत्या. मनात आलं, ‘येईल की मागून. कुणीतरी थांबेलच तिच्यासाठी.’ आणि मी वळले ती पळतच सुटले.

पैज मी जिंकले. गार पाण्यात पाय सोडून सुकेळी खात बसले. देवळातली घंटा ऐकू येत होती. एवढ्यात दादाने माणसं मोजली आणि विचारलं, “सहाच? सातवी कुठाय?”

सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. “माझ्या मागेच होती,” लीडर म्हणाली. “मला वाटलं, तुझ्याबरोबर आहे,” चष्मिष्ट म्हणाली. मी काहीच बोलले नाही. तोंडातलं सुकेळं गिळवेना.

दादाने त्या चौघींना देवळाजवळ बसवलं आणि म्हणाला, “इथून हलायचं नाही.” मी म्हटलं, “मी येते तुझ्याबरोबर.” त्याला वाटलं, मी फार धीट!

आम्ही परत निघालो. दादा तोंडाभोवती हात धरून “कूऽऽ” करायचा. उत्तराला फक्त सातभाई पक्ष्यांचा कलकलाट. या जंगलात बिबटे आहेत हे मला ठाऊक होतं. येताना जी वाट एवढीशी वाटली होती ती आता संपेना. वळणापाशी आलो, तिथे ती नव्हती. थोडं पुढे डावीकडे एक पायवाट फुटत होती, लाकूडफाटा आणणाऱ्यांची. दादा तिकडे वळला. मी मनातल्या मनात जपमाळ सुरू केली, पण शब्दांची सारखी गल्लत होत होती.

आणि ती दिसली! एका दगडावर बसली होती. तिच्यासमोर एक वारली आजीबाई उकिडवी बसून चपलेच्या भोकातून झाडाच्या सालीची दोरी ओवत होती. शेजारी जमिनीवर तिची लाकडांची भलीमोठी मोळी पडली होती.

आजीबाईंनी गाठ मारली, ओढून बघितली आणि चपला तिच्या पायात घातली. मग त्या उठल्या आणि मोळीकडे बघून दादाला हात करून म्हणाल्या, “जरा उचलू लाग.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एवढी जड मोळी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, कुणीतरी उचलून द्यावी लागते. म्हणून वाटेत कुणी ती सहसा खाली ठेवत नाही. आजूबाजूला माणूस नाही, उन्हं चढलेली, मोळी खाली गावात न्यायची. तरी एका अनोळखी पोरीसाठी त्यांनी ती खाली टाकली होती, परत डोक्यावर कोण देईल याचा विचार न करता. एका बाजूने दादाने हात लावला, दुसऱ्या बाजूने मी. माझे हात भरून आले. आजीबाई मात्र तोल सावरून निघूनही गेल्या. त्यांचं नाव विचारायचंसुद्धा राहून गेलं.

परतताना दादा पुढे होता. मी हळूच म्हटलं, “तू घाबरली होतीस का गं?”

ती म्हणाली, “आधी नाय घाबरले. तू वळून बघितलंस ना, तवा मला वाटलं, येशील. म्हून थांबले. लई वेळ थांबले. मग वाट चुकले.”

म्हणजे तिने मला बघितलं होतं! त्या एका वाक्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथेच तिची माफी मागितली. ती म्हणाली, “जाऊ दे.” बाकीच्यांना तिने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. देवळाजवळ पोहोचल्यावर मीच सगळ्यांना सांगून टाकलं. जुळ्यांना सुकेळ्यांचे पैसे नंतर भरून दिले.

रविवारी तालमीच्या आधी मी सिस्टरांकडे गेले. झालेलं सगळं सांगितलं आणि म्हटलं, “सिस्टर, मला शोमरोन्याचं काम नको. याजकाचं द्या.”

सिस्टर थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “घे. पण त्याला दुष्ट करू नकोस. तो घाईत असलेला माणूस आहे, एवढंच दाखव.”

शोमरोन्याचं काम नव्या मुलीला मिळालं. नाटकाच्या दिवशी तिने तोंड उघडलं आणि तिच्या नगरी बोलीला मागच्या रांगेतली मुलं फिदीफिदी हसली. पण ती जखमी माणसाजवळ उकिडवी बसली आणि त्याच्या पायाला पट्टी गुंडाळून गाठ ओढून बघितली. अगदी त्या आजीबाईंसारखी. मग कुणी हसलं नाही.

पुढे मोठी झाल्यावर वाचलं की यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचावर आहे, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे 250 मीटर खाली. म्हणजे ती वाट सगळी उताराची, ओसाड डोंगरातली. उतारावर पाय आपोआप पळतात, थांबायलाच जोर लावावा लागतो. याजकाचंही तसंच झालं असेल का? ठाऊक नाही. माझं मात्र सपाट वाटेवरच तसं झालं होतं.

तेव्हापासून आमच्या टोळीत एक नियम झाला. सर्वांत हळू चालणाऱ्याने पुढे चालायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या पावलाने. तुम्ही पुढच्या सुट्टीत कुठे भटकायला गेलात, तर वनखात्याची परवानगी घ्या, मोठं माणूस बरोबर घ्या, आणि हा नियमही पाळून बघा. डोहाशी पोहोचायला अर्धा तास उशीर होतो, पण सगळे पोहोचतात.

आणि हो, पिशवीत एक सेफ्टी पिन असू द्या. ती काढायला मात्र विसरू नका!