निरामिष आमिष

'आमिष' हा शब्द सरकारी अधिकाऱ्याच्या कानाला बरा लागत नाही. तो दक्षता विभागाच्या कागदांत येतो, निवडणुकीच्या आचारसंहितेत येतो, आणि जेथे येतो तेथे कुणाची तरी चौकशी चालू असते. संस्कृतात त्याचा अर्थ मात्र साधा आहे: मांस. म्हणून तर आपण सामिष आणि निरामिष भोजन असा भेद करतो. गळाला लावण्याच्या मांसाच्या तुकड्यापासून निघून हा शब्द लाचेपर्यंत पोहोचला. मी गेली काही वर्षे गळाला जे लावतो त्यात मांस नसतेच. लाकूड, प्लॅस्टिक, रबर, क्वचित पत्रा. त्याला निरामिष आमिषच म्हणावे लागेल. असो.

बदलीच्या नोकरीत माणसाला गावोगावचे पाणी पाहायला मिळते. सध्या मुक्काम चेन्नईच्या दक्षिणेस शोळिंगनल्लूरला आहे. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील काचेच्या इमारती आणि समुद्र यांच्यामध्ये येथे बकिंगहॅम कालवा आहे. मद्रास शहरातून जाणारा या कालव्याचा तुकडा 1877-78 च्या दुष्काळात मजुरांना काम मिळावे म्हणून खोदला गेला आणि त्या वेळच्या गव्हर्नरांचे नाव कालव्याला मिळाले. रोजगार हमीचा विचार करणाऱ्याने हा कालवा एकदा तरी पाहावा. शोळिंगनल्लूरपाशी मात्र त्यात शहराचे सांडपाणी इतके आहे की गळ टाकण्याची इच्छा होत नाही. म्हणून रविवारी पहाटे मी आणखी दक्षिणेकडे, मुट्टुकाडूला जातो. तेथे कालवा कोवळमच्या खाडीला मिळतो, भरतीचे पाणी आत येते, आणि त्या पाण्याबरोबर कोडुवा येतो.

कोडुवा हे तमिळ नाव. वाचकांपैकी जे कोलकात्यात आहेत ते त्याला भेटकी म्हणून ओळखतील, ऑस्ट्रेलियात असलेले बॅरामंडी म्हणून. मालवण आणि गोव्याकडच्यांचा तो चोणक, आणि रायगडकरांचा जिताडा. पेण-अलिबागच्या खारेपाटात खाडीतून पिल्ले आणून ती घराजवळच्या तळ्यात वाढवण्याची जुनी रीत आहे. त्या भागात नोकरी केलेले मित्र गमतीने सांगतात, की साहेबांकडे एखादे काम अडले की तळ्यातला जिताडा साहेबांच्या घरी पोहोचतो. म्हणजे तेथे मासा स्वतःच आमिष होतो!

इंग्रजीत याला 'सी बास' म्हणतात. अमेरिकेत ज्या बासमागे लाखो लोक वेडे आहेत तो वेगळा, गोड्या पाण्यातला आणि वेगळ्या कुळातला. परंतु दोघांचा स्वभाव एक. पुलाचा खांब, बुडालेले झाड, खडकाची सावली अशा आडोशाला दबा धरून राहायचे, आणि समोरून काही गेले की जबडा एकदम उघडून पाण्यासकट ते आत ओढायचे. भल्या पहाटे शांत खाडीवर त्याचा 'भप्प' असा आवाज येतो. तो एकदा ऐकलेला माणूस पुढच्या रविवारी झोपून राहू शकत नाही.

कृत्रिम आमिषाला मासा फसतो कसा, हा प्रश्न मला अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून अधिक रंजक वाटतो. फिनलंडमधील लाउरी रापाला नावाच्या गरीब कोळ्याने 1936 साली बुचाच्या लाकडातून एक छोटा मासा कोरला. त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी चिकटवली आणि छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून त्यांचा लेप दिला. आज त्याचे नाव जगभरच्या दुकानांत आहे. त्याचे निरीक्षण एवढेच होते, की शिकारी मासा थव्यातला तो एकच मासा उचलतो जो किंचित लडखडत पोहतो. त्याने आपल्या लाकडी माशात ते लडखडणे उतरवले. रंग आणि चकाकी ही पुढची गोष्ट.

आडोशाला बसलेल्या माशाजवळ निर्णयासाठी क्षणाचा अंश असतो. समोरची वस्तू खरी की खोटी याची छाननी करत बसणारा मासा उपाशी मरेल. खोट्यावर झडप घातल्याची किंमत मात्र एरवी फारशी नसते, तोंडात आलेले थुंकून टाकता येते. म्हणून चुकीची झडप परवडते, सुटलेली संधी परवडत नाही. सगळा हिशेब बिनचूक आहे. त्यात गळ धरलेला नाही, इतकेच.

माझ्या पेटीत आता सहाच आमिषे उरली आहेत. तरुणपणी साठ असती. वितभर लांबीचा, हातभर खोल जाणारा एक लाकडी मासा. पोटात खुळखुळा असलेला एक, गढूळ पाण्यासाठी. पृष्ठभागावर डावी-उजवीकडे नागमोडी चालणारा एक. आणि तीन मऊ रबरी कोळंब्या. दुकानदार नवे रंग दाखवतो तेव्हा मला दर वर्षी नाव बदलून येणाऱ्या योजनांची आठवण होते. ती आमिषे माशांपेक्षा गरवणाऱ्यांसाठी बनवलेली असतात. कोडुव्याला पाहिजे असतो तो वेग, किंवा खरे म्हणजे वेगातला खंड. दोन वेटोळी ओढायचे, थांबायचे, आमिष तसेच तरंगू द्यायचे. नवशिक्याला हे थांबणे जमत नाही. झडप बहुतेक वेळा त्या थांबण्यातच येते. आणि वेळ पाहावी ती भरती फिरण्याची. पाणी खांबांना घासून वाहू लागले की तासभर. त्यानंतर चहा प्यावा. दोराच्या टोकाला हातभर जाड नायलॉन असावे, कारण या माशाच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते. कारखान्यातून आलेले तिहेरी गळ मी काढून टाकतो आणि उलटा काटा चेपलेला एकेरी गळ लावतो. मासे सुटतात. सुटू द्यावेत.

या छंदाची लाज वाटणाऱ्या सहकाऱ्यांना मी आमच्याच व्यवसायाचे पूर्वज दाखवतो. मद्रास मुलकी सेवेतील हेन्री सुलिव्हन थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' 1873 चे. फ्रेडरिक निकल्सन यांना आपण कृषिपतपुरवठ्यावरील अहवालासाठी ओळखतो, ज्यातून सहकारी पतसंस्थांचा विचार आपल्याकडे आला; तेच पुढे मद्रासच्या मत्स्यखात्याचे पहिले प्रमुख होते. आणि कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचताना राजाच्या विनोदांत मत्स्यविनोदाचे प्रकरण घातले, कोणत्या माशाला कोणते आमिष द्यावे यासकट. राजालाही हे काम दुसऱ्यावर सोपवावेसे वाटले नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते. कोडुवा जन्माला बहुधा नर म्हणून येतो, काही वर्षे नर म्हणून जगतो, आणि मोठा झाल्यावर मादी होतो. साधारण 80-90 सेंटिमीटरच्या पुढे गेलेला मासा बहुतेक मादीच असतो आणि ती एका हंगामात लाखोंनी अंडी देते. मुट्टुकाडूलाच केंद्रीय खाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेचे प्रयोगक्षेत्र आहे. या संस्थेने 1997 साली बंदिस्त अवस्थेत या माशाचे प्रजनन प्रथम यशस्वी केले. म्हणजे ज्ञान खाडीच्या काठावरच आहे. मत्स्यप्रशासनाची आपली सवय मात्र लहान माशाला वाचवण्याची आहे: जाळ्याच्या डोळ्याचा आकार, किमान लांबी. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात बॅरामंडीला दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे. 58 सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि 120 पेक्षा मोठाही ठेवायचा नाही. वरची मर्यादा आयांसाठी आहे.

हौशी माणसाला कोणी विचारत नाही. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून मासेमारीबंदी असते ती यांत्रिक बोटींना; पुलाखाली काठी घेऊन उभ्या राहिलेल्या पगारदाराला ती लागू नाही. पहाटे पाचला तेथे कोणी निरीक्षक येणार नाही, यावाही नको. त्यामुळे वरची मर्यादा मी स्वतःवरच घालून घेतली आहे. ज्याचे पोट त्या माशावर नाही, त्याने मोठा मासा घरी नेऊ नये.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये खुळखुळ्याला एक मासा लागला. तीनदा हवेत उसळला, चौथ्यांदा दमला. पट्टीवर 91 सेंटिमीटर भरला. शेजारी एक वृद्ध कोळी फेकजाळे धूत होते. आम्ही त्यांना ताता म्हणतो, ते मला 'सार' म्हणतात. मी मासा पाण्यातच आडवा धरला, पोटाखाली हात देऊन तोंड प्रवाहाकडे केले, आणि शेपटीने झटका दिला तसा सोडून दिला.

ताता बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्या मोडक्यातोडक्या तमिळला झेपेल अशा बेताने म्हणाले, "सार, त्या माशात माझा आठवडा निघाला असता."

मी त्यांना नर-मादीचे सांगितले. त्यांना ते ठाऊक होते. निदान मोठ्या माशात नेहमी अंडी सापडतात हे ठाऊक होते. "तुम्ही सोडलात, बरोबर केलेत," ते म्हणाले, "मी सोडणार नाही. मला सोडायला सांगूही नका." मी सांगितले नाही. मर्यादेचा नियम उद्या झालाच तर त्याचा पहिला दंड तातांच्या जाळ्यावर पडेल, माझ्या काठीवर नव्हे, हे तीस वर्षे नियम राबवलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको. क्वीन्सलँडचा आकडा येथे उचलून आणण्यापूर्वी जाळेवाल्याच्या त्या आठवड्याचे काय, याची तरतूद त्याच कागदावर हवी. ती कशी करावी याचे दोन मसुदे मी हौसेने लिहिले आहेत आणि दोन्ही मला पटलेले नाहीत.

तातांनी नंतर हात लांब करून खाडीच्या मुखाकडे दाखवले. ईशान्य मोसमी पावसाचे पाणी ओसरून काही महिने झाले होते आणि मुखावर वाळूचा बांध चढत होता. उन्हाळ्यात तो पुष्कळदा मुख बंदच करतो. "अंडी घालायला तिला समुद्राच्या पाण्याकडे जायचे आहे, सार," ते म्हणाले. "दार कोण उघडणार?"

त्या कामाला यंत्र लागते, निधी लागतो, आणि एकाहून अधिक खात्यांची सही लागते. मी तेवढे सांगितले. ताता हसले, जाळे खांद्यावर टाकून कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि माझा मासा ज्या खांबाकडे गेला होता त्याच्या बरोबर उलट बाजूला त्यांनी पहिला फेक टाकला.