नाबोथाचा मळा

बायबलातले राजे मला नेहमीच ओळखीचे वाटत आले आहेत. आपल्याकडच्या पोथ्यांतला राजा एकतर रामासारखा, नाहीतर रावणासारखा. हा अहाब मात्र राजवाड्याशेजारचा द्राक्षमळा मिळेना म्हणून तोंड फिरवून, न जेवता बिछान्यावर पडून राहतो! नाबोथाला त्याने पैसे देऊ केले, बदली मळाही देऊ केला. नाबोथाचे उत्तर एकच : वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही.

हे उत्तर मुळशी तालुक्यातल्या माल्याच्या शाळेत शिकविणाऱ्याला नवे नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. सरकारपाशी १८९४ चा भूसंपादनाचा कायदा होता, कंपनीपाशी पैसा होता. जमिनीचे कागद पेटीत बाळगणाऱ्या पुष्कळ सावकारांना मोबदला पटला. नांगर धरणाऱ्यांना पटला नाही. १९२४ अखेर लढा मोडला. आज ते पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याला उतरते आणि त्याची वीज होते. त्याच काळात केडगावला पंडिता रमाबाई बायबलाचे मराठी भाषांतर पुरे करीत होत्या. ही कथा त्यांनी मराठीत उतरविली तेव्हा मुळशीची बातमी त्यांच्या कानी होती की काय, असे उगीच मनात येते.

पण मला छळतात ते अहाब आणि ईजबेल नव्हेत. राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्याचीच मोहर उठविली आणि नाबोथाच्या गावच्या वडीलधाऱ्यांकडे धाडली. त्यांनी ती वाचली आणि सांगितले तसे केले. दोन खोटे साक्षीदार उभे केले, शेजाऱ्याला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारविले. एकानेही ‘हे कसे?’ म्हणून विचारले नाही. राजाला लोभ तरी होता. यांना त्या मळ्यातले एक द्राक्षही मिळायचे नव्हते.

गेल्या वर्षी एक गृहस्थ माझ्याकडे कागद घेऊन आले. एका म्हातारीची जमीन. “गुरुजी, साक्षीदार म्हणून सही करा. तुमच्या सहीला गावात वजन आहे.” अंगठा आधीच उठलेला होता. मी म्हणालो, “आजींना घेऊन या, माझ्यासमोर अंगठा उठवू द्या.” चहा तसाच ठेवून ते उठले. सही पुढे दुसऱ्या कोणीतरी केली. तेव्हापासून त्या सद्‌गृहस्थांचा आणि माझा रामराम बंद आहे.

शमुवेलाची गोष्ट मी मुलांना त्याच आठवड्यात सांगितली. म्हातारपणी तो लोकांपुढे उभा राहतो आणि विचारतो, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाकडून लाच खाऊन डोळे मिटले? सांगा, परत करतो. लोक म्हणाले, कोणाचेच काही नाही. (त्याचे मुलगे मात्र लाच खात. घरात शिकविणे हे गावात शिकविण्यापेक्षा अवघड असावे!) मुलांना बैल-गाढवांचा हिशेब फार आवडला. मग ओघाने नाबोथाची गोष्टही निघाली.

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, त्या वडीलधाऱ्यांचं पुढं काय झालं?”

“त्या गोष्टीत काही लिहिलेलं नाही.”

“मग ऱ्हायले असतील तसंच गावात,” ती म्हणाली, आणि दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास फळ्यावरून उतरवून घेऊ लागली.