भीमथडीचे तट्टू

घोड्याचा विषय सुचावा असे आमच्या नल्लकुंट्यात वरकरणी काहीही नाही. शृंगेरी शंकर मठ आहे, फीवर हॉस्पिटल आहे, भाजीबाजाराची दाटी आहे आणि विद्यानगरकडे जाणाऱ्या वाहनांचा अखंड गोंगाट आहे. ‘नल्ल’ म्हणजे काळे आणि ‘कुंट’ म्हणजे तळे. पण ते तळेही आज नावापुरतेच उरले आहे. तथापि, मुसी नदी ओलांडून थोडे पलीकडे गेले की मलकपेठेचे शर्यतीचे मैदान लागते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत तेथे शर्यती सुरू झाल्या आणि त्या अद्याप चालू आहेत. आमच्याकडील मंडळींना घोडा म्हटला की तोच आठवतो. उंच, लांब पायांचा, कातडी रेशमासारखी तुकतुकीत, डोळ्यांत सतत धास्ती.

मला हा विषय सुचला तो मात्र चंपाषष्ठीच्या निमित्ताने. आमच्या छोट्या देवळातील मंडळींनी खंडोबाच्या मिरवणुकीत एक जिवंत घोडा असावा असे ठरविले. घोडा कसा असावा यावर दोन बैठका झाल्या. एका उत्साही गृहस्थांनी शर्यतीतून निवृत्त झालेला उंच घोडा आणण्याची सूचना केली. मी म्हणालो, एखादे देशी तट्टू आणावे. त्यावर ते पटकन उद्गारले, “तट्टू आणून देवाचे हसे करायचे आहे काय?”

हा प्रश्न माझ्या मनात फार दिवस सलत राहिला. आपल्या घरोघरच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा जो टाक असतो, त्यावर देव आणि म्हाळसा एकाच घोड्यावर बसलेली असतात आणि खाली कुत्रा धावत असतो. (गोमंतकातील वाचकांना येथे थोडे नवल वाटेल, मार्दोळची म्हाळसा मोहिनीरूप आणि नारायणी, तिला घोड्याचे काम पडत नाही.) टाक घडविणाऱ्या सोनाराने अरबी अथवा विलायती घोडा कधी डोळ्यांनी पाहिला असेल, नसेल, पण दारासमोरून जाणारे तट्टू त्याने नक्कीच रोज पाहिले असेल. तो आखूड, भरदार मानेचा, जमिनीला धरून चालणारा प्राणी टाकावर पाहावा आणि मग ‘हसे’ या शब्दाचा विचार करावा.

घोड्यांचे ढोबळ भेद सांगतो. ओझी ओढणारे अवजड घोडे यूरोपातले. त्यांतील शायरसारख्या जातीचे वजन 900 किलोच्याही वर जाते. त्यांच्याहून निराळे ते हलक्या बांध्याचे, स्वारीचे घोडे. वजन साधारण 400 ते 550 किलो, अंग सडपातळ, पाय मोकळे, स्वभाव तल्लख. उंची मानेच्या बुडाशी, खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजतात, आणि ती मोजण्याचा इंग्रजी ‘हात’ म्हणजे आपला कोपरापासूनचा हात नव्हे. तो अवघा 4 इंचांचा, मुठीएवढा. 14 मुठी आणि वर 2 इंच ही सीमा धरली आहे. तिच्या आत राहिला तो ‘पोनी’, म्हणजे आपले तट्टू. दोन बोटांच्या फरकाने एखाद्या जिवाची प्रतिष्ठा ठरावी, ही मौज युरोपीय शिस्तीतच शोभते.

हलक्या घोड्यांत अरबी हा सर्वांचा आजा. पाठ आखूड, तोंड किंचित खोलगट, शेपूट ध्वजासारखी उभारलेली, आणि दमसास असा की वाळवंटातून दिवसभर चालूनही श्वास आवरलेला. इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्वेकडील तीन वळू नेले आणि आपल्या घोड्यांशी त्यांचा संकर करून थरोब्रेड निर्माण केला. मलकपेठेस धावतो तो हाच. दीड-दोन किलोमीटर वाऱ्यासारखे धावणे हे त्याचे एकच शास्त्र; ढोलताशांच्या गजरात, फटाक्यांच्या धुरात स्थिर उभे राहणे हे त्याच्या रक्तातच नाही. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान आतल्या बाजूस वळून टोकांशी भेटतात. मारवाडीची रेवाल चाल अशी की स्वाराच्या हातातील पाण्याचा पेला हिंदकळू नये. वरातीच्या घोड्यांत यांचेच रक्त पुष्कळदा दिसते.

आणि मग आमचे भीमथडी. भीमेच्या खोऱ्यात देशी घोडीशी अरबी, तुर्की घोड्याचा संयोग होत होत ही जात घडली. अरबी घोडे दख्खनमध्ये आले ते समुद्रमार्गे, आणि त्या व्यापाराचे एक मोठे द्वार म्हणजे गोवा. 1510 मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी हा व्यापार तेथेच एकवटण्याची खटपट केली, कारण विजयनगर आणि विजापूर दोघांनाही घोडा हवाच होता. त्यापूर्वी तेराव्या शतकात मार्को पोलोने दक्षिणेतील राजे दरवर्षी शेकडो घोडे विकत घेतात आणि योग्य निगा न मिळाल्यामुळे ते मरतात, असे लिहून ठेवले आहे. परदेशी घोड्याला येथील चारा, हवा आणि खडक मानवत नसत. भीमथडीने हाच प्रश्न सोडविला. उंची बहुधा 14 मुठींच्या आत, खूर टणक, पोट काटकसरी. चंदी मिळाली तर उत्तम, नाही तर माळावरचे वाळके गवत खाऊन घाट चढायचा.

या तट्टाची किंमत ज्याला पुरेपूर कळली असा पहिला निजाम. 1728 सालची गोष्ट. निजामुल्मुल्काजवळ जड तोफखाना होता. तो पुण्याच्या रोखाने निघाला. पहिल्या बाजीरावांनी आपला तोफखाना मागे ठेवला, हलकी फौज घेतली आणि जालना, बऱ्हाणपूर, गुजरात असा वळसा घालीत शत्रूला आपल्या मागे धाव घ्यायला लावली. शेवटी फेब्रुवारीत वैजापूरजवळ पालखेडला निजाम असा कोंडला गेला की त्याच्या सैन्याला पाणीही मिळेना. 6 मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. रणविद्येच्या पुस्तकांत बाजीरावांच्या बुद्धीचे कौतुक आहे आणि ते योग्यच आहे. परंतु तोबऱ्यातल्या मूठभर चंदीवर एवढी मजल मारणारी ती चार पावले नसती, तर बुद्धी पुण्यातच राहिली असती. ज्या निजामाच्या वंशजांनी पुढे हैदराबाद राजधानी केली, त्यांच्या शहरात बसून मी हे लिहितो आहे, हा योगायोग मला सुखावतो.

1818 नंतर पागा मोडल्या. बारगीर शेतीवर गेला, शिलेदाराने घोडी विकली. इंग्रजी रिसाल्याला उंच घोडा हवा होता. तो आधी मुंबई बंदरातून अरबी मिळे, नंतर ऑस्ट्रेलियातून ‘वेलर’ येऊ लागला. निजामाच्या पदरच्या घोडदळातून निघालेल्या पलटणी एकत्र करून 1921 मध्ये बनलेला ‘डेक्कन हॉर्स’ हा रिसाला आजही भारतीय सैन्यात आहे. 1965 च्या युद्धात तो असल उत्तरला रणगाड्यांवरून लढला. नाव घोड्याचे राहिले आणि घोडा गेला.

आम्हां हैदराबादकर मराठी माणसांचेही तसेच काहीसे झाले. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत 2023 मध्ये महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. तेथे आमच्या सभागृहातील आवाज अधिकच चढतो. मी एकदा समारंभानंतर पाच-सात तरुणांना विचारले, हे तट्टू कोणी पाहिले आहे काय? कोणी पाहिले नव्हते. एकाला ती नदीची एखादी लाट वाटत होती! त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ‘तट्टू’ हा शब्द आपणच शिवीसारखा वापरीत आलो आहोत.

घोडा आणि देव यांचे नाते मात्र अजून तुटलेले नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसाठी बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व पायी आळंदीस येतात. रिंगणात एकावर स्वार असतो आणि दुसऱ्याची पाठ मोकळी. त्या मोकळ्या पाठीवर माउली आहेत या भावनेने हजारो माणसे त्या टापांखालची माती कपाळाला लावतात. नांदेडच्या हुजूरसाहेब गुरुद्वारात गुरू गोविंदसिंहांच्या घोड्याचा वंश म्हणून अश्व श्रद्धेने सांभाळले जातात. नांदेडच्याच लोहा तालुक्यात माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. 1956 पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. माझे आजोबा त्या बाजाराला जात. ते घोडीच घेत, घोडा कधी नाही. आधी खूर पाहत, मग दात, मग अंगावरचे भोवरे, आणि रंग सर्वांत शेवटी. “रंग खाता येत नाही,” असे ते म्हणत.

आमच्या मिरवणुकीत अखेरीस वरातीला जाणारी एक ठेंगणी कुमाईत घोडी आली. पांढरी मिळाली नाही म्हणून काहींचा हिरमोड झाला. ढोल अगदी कानाशी वाजत होता. तिने एक कान मागे केला, एवढेच. सिमेंटच्या उतारावर मात्र तिची नाल घसरली, तेव्हा मी फटाके थांबवावयास सांगितले आणि पोरांनी ते ऐकले.

2024 मध्ये भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. मारवाडी, काठेवाडी, मणिपुरी, स्पिती इत्यादी सात जातींनंतरची ही आठवी. ही जात जगविली कोणी? कोणत्याही संस्थानिकाने नाही, शर्यतीच्या क्लबाने नाही. बारामती-फलटणकडच्या भटक्या धनगरांनी ती राखली. पावसाळा सरला की त्यांचे वाडे घाट उतरून कोकणाकडे निघतात. मेंढरे पुढे आणि मागून तट्टांची ओळ. पाठीवर भांडीकुंडी आणि पालाचे सामान, त्यावर कोंबड्या आणि वाटेत जन्मलेली, अजून चालता न येणारी कोकरे. दोर बहुधा धनगरणीच्या हाती असतो.