गवत शिकणारी मुलगी

मुलीने कृषीची पदवी घेतली आणि एम. एस्सी.ला गवताचा विषय निवडला, तेव्हा आम्ही दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. आमचे वडील गावात लोकांची ढोरे राखणारे गायकी. त्यांनी आम्हाला गायरानातून काढून शाळेत घातले आणि ही पोर एवढे शिकून परत गायरानात निघाली! बँकेची परीक्षा दे, तलाठी हो, असे सांगून पाहिले. ऐकले नाही.

ती नागपुरात महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात शिकते. अमेरिकेत कुरणशास्त्राची वेगळी पदवी मिळते. आपल्याकडे हा विषय बहुधा दुसऱ्या विषयाच्या पोटात शिकवतात. झाशीला १९६२ पासून गवत व चाऱ्याची केंद्रीय संशोधन संस्था आहे, हेही आम्हाला तिच्याकडूनच कळले.

पावसाळा सरता सरता ती आम्हाला आणि आजीला गावी घेऊन गेली. एक मीटर लांब-रुंद लोखंडी चौकट गवतावर टाकायची, आतले गवत कापायचे, वाळवायचे, तोलायचे. अशा पुष्कळ चौकटी झाल्या की गायरान किती ढोरांना पुरेल ते निघते. त्यातलेही साधारण अर्धेच चारायचे. जास्त चारले तर मुळे दुबळी होतात, चांगले गवत हटते आणि तरोटा माजतो. मुद्दल न मोडता व्याजावर भागवायचे! हा हिशेब आमच्या ओळखीचा निघाला.

मुलीच्या वहीत सगळी लॅटिन नावे. आमची आई निरक्षर. ती काठीने दाखवत गेली, ही मारवेल, हा पवन्या, ही तिखाडी. कुसळीपाशी थांबून म्हणाली, "कुसळं याच्या आधी ढोरं खातेत हिले, मंग तोंडात टोचते." मुलीने ते तसेच उतरवून घेतले.

संध्याकाळी चुलतभावाने मनातले विचारले, "पोरी, तुझ्या हिशेबात आमचे दोन एकर जातात का?" ते दोन एकर गायरानातले. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १९७८ ते १९९० मधली भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित व्हायची होती. भावाचे प्रकरण अजून लटकलेले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करायला सांगितले. भूमिहीनांना व अनुसूचित जातींना रीतसर दिलेल्या जमिनींसाठी अपवादाची वाट ठेवली, पण भावाकडे कागदच नाही. त्याची भीती खोटी कशी म्हणावी?

आम्हीही अडकलो. कार्यकर्ते म्हणून भाषणात आम्ही गायरानाला 'पडीक'च म्हणत आलो. त्याच पडीकावर राखलेल्या ढोरांच्या मजुरीतून आमची फी भरली गेली, हे मात्र कधी बोललो नाही.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, तुमचे दोन एकर मी मोजले. वरच्या अंगाला तारेचे कुंपण घालून घेतलेली जमीन मोजायची राहिली. तिथे मला चौकट टाकू देत नाहीत."

सोमवारी आम्ही अर्धी रजा टाकून गायरानाच्या नकाशाच्या नकलेसाठी तहसिलीत अर्ज दिला. अक्षर आमचे, मजकूर मुलीचा, अंगठा आईचा. नक्कल अजून मिळालेली नाही.